मी न्हाणीतला बंब नव्हे

संस्कृती म्हणजे माणसाने आगीवर मिळवलेला विजय होय, मित्रांनो, आणि संग्रहालय म्हणजे त्या विजयाचे चिरंतन स्मारक.

हे वाक्य माझे नाही. ते आमच्याकडच्या व्याख्यात्यांचे आहे. ते उच्चारून झाल्यावर त्यांनी अर्धा प्यालेला चहाचा कप माझ्या डोक्यावर ठेवला आणि तो तिथेच विसरून ते घरी गेले. पुढल्या व्याख्यानापर्यंत कपात बुरशी धरली. आमच्या संग्रहालयात सर्वांत निगुतीने जतन होते ती बुरशी, कारण तिच्या वाटेला कुणी जात नाही.

मी एक जुना बंब आहे. आगीचा बंब. ‘आगीचा’ हा शब्द मी मुद्दाम सांगतो, कारण तो एक शब्द गळाला आणि माझ्या आयुष्याची माती झाली. आपल्या भाषेत बंब दोन. एक आग विझवतो. दुसऱ्याच्या पोटात आग घालून अंघोळीचे पाणी तापवतात. नाव एक, पण धंदे इतके उलटे की आमची सोयरीक जमणे शक्य नाही. पाय म्हणतात म्हणून खाटेच्या पायात कुणी चप्पल घालत नाही. पण संग्रहालयात काहीही होऊ शकते, तिथे शिकलेली माणसे असतात.

आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूंनी मऊ आवाजात बोलावे आणि अधूनमधून डोळे टिपावेत असा रिवाज आहे, हे मला ठाऊक आहे. मोडकी खुर्ची तसेच बोलते, फाटकी छत्री तसेच बोलते. मला ते जमणार नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली आहे, आणि मला तर तळपायही उरलेले नाहीत. ते वाहतूक दालनात आहेत. त्याबद्दल पुढे सांगतो.

माझा जन्म तांबटांच्या दुकानात झाला. दोघे सख्खे भाऊ होते आणि एकमेकांशी बोलत नसत. भांडण कशावरून झाले ते दोघेही विसरले होते, पण अबोला मात्र नेटाने चालवत होते. थोरल्याला काही सांगायचे असले की तो हातोडा जोरात हाणी. धाकटा समजून घेई आणि उलट हाणी. त्यामुळे माझ्या अंगावरचा प्रत्येक ठोका म्हणजे कौटुंबिक संभाषण आहे. बोलणे पुष्कळ झाले असावे, कारण मी भक्कम झालो.

तांब्याचे मोठे पोट, त्यात पाणी. पोटाच्या बुडातून वर चढवलेली दोन पितळी नळकांडी, त्यांत पाणी दाबणारे दट्टे. वर लांब लोखंडी दांडा, मुलांच्या खेळातल्या खालीवर होणाऱ्या फळीसारखा. दोन्ही टोकांना माणसे उभी राहत आणि आळीपाळीने दाबत. मध्ये उभा नळ, त्याला चामड्याची लांबलचक नळी आणि नळीच्या तोंडाला पितळी तोटी. पोटाखाली लोखंडी कप्पा, त्यात भिजवलेली पोती. कमी उंचीच्या आगीवर पाणी वाया घालवायचे नाही, ओले पोते टाकायचे. पुढे घंटा. खाली लोखंडी पट्ट्यांच्या धावा बसवलेली चार चाके. असा मी होतो. आता दांडा, नळकांडी, घंटा आणि चाके वगळून मला पाहा. अगदी तसाच आज मी तुमच्यासमोर आहे.

माझ्या टोळीचा प्रमुख होता मुकादम. सगळे गाव त्याला मुकादमच म्हणे, त्याची बायकोसुद्धा. बंबखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याचे बिऱ्हाड होते आणि त्याची मुलगी शाळेतून आली की माझ्या पाठीवर बसून पाढे घोकत असे. तिला सोळाचा पाढा कधीच आला नाही. मला येतो.

घंटा झाली की मुकादम जिन्यावरून नव्हे, कठड्यावरून खाली येई. आम्ही धान्याच्या गोदामाची आग विझवली, कापडाच्या दुकानाची विझवली, एका वकिलाच्या दिवाणखान्याची विझवली. तिथे त्या वकिलाने, गालिचा भिजवल्याबद्दल, आम्हालाच नोटीस पाठवली. ‘आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी’ अशी एक म्हण तुम्ही पाठ केली असेल. ती म्हण रचणारा मनुष्य मला भेटायला हवा होता. आम्ही कधी चुकीच्या ठिकाणी गेलो नाही. चुकीच्या ठिकाणी मला पुढे नेण्यात आले, आणि ते काम विद्वानांनी केले.

मग लाकडाच्या वखारीची आग. वखारीला खेटून घरे होती. वारा घरांच्या दिशेने होता. टोळीतली माणसे मागे हटली, आणि हटणारच, कारण तोंड भाजत होते. मुकादम दांड्याच्या एका टोकाला लोंबकळत राहिला आणि त्याला पाहून इतर लाजेकाजेने परत आले. तेवढ्यात वरून जळता वासा कोसळला. अर्धा माझ्या कुशीवर पडला, अर्धा त्याच्या डाव्या हातावर. मला खोल पोचा पडला. त्याचा हात वाचला, पण ती मूठ पुन्हा कधी वळली नाही. घरे मात्र सगळी उभी राहिली. वर्तमानपत्रात छायाचित्र आले. त्यात नगराध्यक्ष पूर्ण होते आणि मी अर्धा होतो.

त्या न वळणाऱ्या हाताने मुकादम दर रविवारी मला राखेने घासत असे. पोच्यापाशी आला की हात हळू होई. तांबटाला सांगून पोचा काढून घ्या, असे कुणी म्हटले तर तो म्हणे, राहू दे, माझीही मूठ कुणी वळवून देत नाही.

पुढे इंजिनाचे बंब आले. ते माझ्यापेक्षा वेगाने पळत, हे मी मान्य करतो. मुकादम निवृत्त झाला. हा बंब भंगारात देऊ नका, संग्रहालयात द्या, पोरांना बघायला मिळेल, एवढी एकच विनंती त्याने बंबखान्याच्या साहेबांना केली. साहेबांनी ती मान्य केली आणि ती अमलात यायच्या आतच मुकादम गेला. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. मला ओळखणारे असे गावात कुणी राहिले नाही.

आता लक्ष देऊन ऐका. ट्रकचालकाने मला संग्रहालयाच्या फाटकाशी आणले आणि वर पाहून विचारले, “बंब आणलाय, कुठे टाकू?”

आगीचा बंब, असे तो म्हणाला नाही. त्याला वाटले, दिसतोय की. खिडकीतून उत्तर आले, “मागच्या दाराशी. घरगुती वस्तू तिकडे.” झाले. एवढ्यावर माझी जात ठरली.

त्याच आठवड्यात संग्रहालयात ‘वस्तूंचे शास्त्रीय वर्गीकरण’ या विषयावर जाहीर व्याख्यान झाले होते. ऐकलेले ताजे असल्याने सगळ्यांचे हात शिवशिवत होते. माझ्याभोवती मंडळी जमली आणि त्यांनी विचारले की न्हाणीतल्या बंबाला चाके कशाला? प्रश्न उत्तम होता. त्याचे उत्तर शोधण्याऐवजी त्यांनी चाके काढली. ती वाहतूक दालनात गेली. दांडा व्यापार दालनात गेला. तिथे तो ‘मोठ्या तराजूची दांडी’ आहे. पितळी नळकांडी शस्त्रदालनात आहेत आणि त्यांच्याखाली ‘लहान तोफा’ असे लिहिले आहे. घंटा आणि तोटी वाद्यांत. चामडी नळीचे काय झाले ते मी सांगणार नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दालनात एकदा डोकावून या.

नळकांडी उपसल्यावर माझ्या बुडाला दोन भोके राहिली. ती मेणाने बुजवून त्यावर तांब्याचा रंग दिला. ओल्या पोत्यांचा कप्पा पाहून म्हणाले, ही जाळ घालायची जागा. मधला नळ पाहून म्हणाले, हे धुराडे. मग आमच्या व्याख्यात्यांनी, तेव्हा ते तरुण होते, मनापासून पाटी लिहिली : ‘बंब. स्नानाचे पाणी तापवण्याचे पात्र. संपन्न घराणे. पात्राच्या आकारावरून कुटुंबाचा विस्तार व स्वच्छतेची आवड दिसून येते.’ कुशीतल्या पोच्यावरून त्यांनी असेही अनुमान काढले की त्या घरात स्नानाच्या क्रमावरून भांडणे होत असावीत.

मुकादमाच्या हाताचे असे भांडण झाले.

मला व्याख्यानांच्या दालनात ठेवले. तिथे मी काय काय ऐकले आहे, मित्रांनो. सांस्कृतिक वारसा आणि आपण. सांस्कृतिक वारसा आणि इतर. संग्रहालय व्यवस्थापनाची दिशा. संग्रहालय व्यवस्थापनाची दशा, हे दिशेनंतर लगेच. ‘आर्द्रता : संग्रहालयांचा मूक शत्रू’ या व्याख्यानाच्या वेळी वक्त्यांचे टेबल सारखे सरकवावे लागत होते, कारण मूक शत्रू वरून टपकत होता. ‘दालने लोकाभिमुख कशी करावीत’ या व्याख्यानाला इतकी गर्दी झाली की नाण्यांचे दालन बंद करून तिथल्या कपाटांच्या जागी खुर्च्या मांडल्या. नाणी तळघरात गेली. पुढल्या वर्षी चित्रे गेली. आता निम्मे संग्रहालय खुर्च्यांचे आहे आणि त्यांवर बसून लोक ऐकतात की वस्तू लोकांपर्यंत पोहोचल्या पाहिजेत.

संचालकांना सगळे कर्मचारी पाठीमागे ‘प्रास्ताविक’ म्हणतात. मनुष्य वाईट नाही. त्यांना फक्त प्रास्ताविक करता येते. छप्पर गळते असे सांगितले की ते त्या प्रश्नाची पार्श्वभूमी विशद करतात, आणि ती संपेपर्यंत पाऊस थांबलेला असतो.

या सगळ्या काळात माझा उपयोग चहाचे कप ठेवण्यासाठी, ओल्या छत्र्या टेकवण्यासाठी आणि एकदा, खुर्च्या कमी पडल्या तेव्हा, एका प्राध्यापकांना बसवण्यासाठी झाला. आणि हे सारे ‘वस्तूंना हात लावू नये’ या पाटीखाली. खरे म्हणजे पाटीचा भंग झाला नव्हता. प्राध्यापकांनी हात लावला नव्हता.

मग एका व्याख्यानाला ती आली.

पांढरे केस, हातात काठी, सोबत सून. सून पंख्याखालची जागा शोधत होती. सासूबाई मात्र जागच्या जागी थांबल्या, मग सरळ माझ्याकडे चालत आल्या. त्यांनी पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग काठी सुनेकडे दिली आणि दोन्ही तळहात माझ्या पोच्यावर ठेवले. माझ्या पाठीवर बसून पाढे घोकणारी मुलगी मी तत्क्षणी ओळखली, कारण त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या आणि ते चुकीचे होते.

“अगं, हा बाबांचा बंब आहे,” त्या म्हणाल्या.

“आई, इथे अंघोळीचा लिहिलंय.”

“लिहिलंय म्हणून काय झालं. आपल्या बसवर ‘जलद’ लिहिलेलं असतं.”

सुनेला हे पटले. ती फटकळ होती आणि सासूशी तिचे घरी फारसे जमत नसावे, पण बाहेर कुणी सासूला खोटे ठरवणार असेल तर तो हक्क आपला आहे असे तिचे मत दिसले. दोघी संचालकांकडे गेल्या. संचालकांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि अतिशय अदबीने सांगितले की आपल्या संग्रहात आगीचा बंब नाही. असता तर त्यावर व्याख्यानमाला केली नसती का?

“पण हा समोर आहे की,” मुकादमाची मुलगी म्हणाली.

“समोर आहे तो न्हाणीतला. आपल्या व्याख्यात्यांच्या ग्रंथात आहे तसं.”

“त्यांना कुणी सांगितलं?”

संचालकांनी ग्रंथ मागवला, पान काढले, तळटीप वाचली. तळटिपेत लिहिले होते : पाहा, संग्रहालयातील पाटी. संचालकांनी ग्रंथ मिटला आणि समाधानाने म्हणाले की दोन्ही साधने एकमेकांशी जुळतात.

एवढेच झाले असते तर मी आजवर गिळले तसे हेही गिळले असते. पण तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून पुढच्या महिन्याची घोषणा झाली. ‘जिवंत वारसा’ या मालिकेत आमचे व्याख्याते बोलणार होते, स्नानसंस्कृतीचा धगधगता प्रवास. नुसते बोलणार नव्हते. या ऐतिहासिक बंबात प्रत्यक्ष जाळ घालून, सर्वांसमोर पाणी तापवून दाखवणार होते.

मुकादमाची मुलगी खुर्चीतून उठली. सुनेने नकळत तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या म्हणाल्या की हे करू नका, जळून जाईल तो, त्याला आगीची सवय नाही. म्हणजे आहे, पण बाहेरून. संचालक म्हणाले की आक्षेपांचे स्वागतच आहे, व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत अवश्य मांडा.

“व्याख्यानानंतर तो उरेल का?”

“नाही उरला,” संचालक आपुलकीने म्हणाले, “तर मग आक्षेपही उरणार नाही ना, आजी.”

मधल्या दिवसांत दोघी अग्निशमन केंद्रात जाऊन आल्या. तिथल्या अधिकाऱ्याने सांगितले की जुने सगळे संग्रहालयाला दिले, त्यांनाच विचारा, ते वारशावर फार सुंदर बोलतात. हे सून शिपायाला सांगत होती, ते मी ऐकले. शिपाई म्हणाला, ताई, मला तर दोघांचंही पटतं, मी काय करू?

व्याख्यानाच्या दिवशी दालन खच्चून भरले. माझ्या मागे कापडी फलक टांगला होता, त्यावर ‘जिवंत वारसा’ असे लिहिले होते. शिपायाने बादल्या आणून माझे पोट पाण्याने भरले. किती वर्षांनी पाणी आले होते आत. क्षणभर मला वाटले, घंटा होईल. पण नाही झाली, घंटा वाद्यांत आहे. मग त्यांनी माझा तो ओल्या पोत्यांचा कप्पा उघडला, त्यात वाळकी लाकडे रचली आणि त्यावर रॉकेल शिंपडले. मित्रांनो, मी आयुष्यभर ज्याच्याशी झगडलो, त्याला माझ्याच घरात अंथरूण घालून दिले. मला तोंड असते तर त्या दिवशी सभेला न शोभणारे शब्द त्यातून निघाले असते.

संचालकांचे प्रास्ताविक झाले. ते लांबले याचा मला आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला. मग व्याख्याते उठले. संस्कृती, आग, विजय, स्मारक, हे सारे झाले. त्यांनी प्रज्वलनासाठी मुद्दाम आणलेली वीतभर लांब काडी ओढली.

तेव्हा पहिल्या रांगेतून मुकादमाची मुलगी उठली, पायऱ्या चढून वर आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणाले, आजी बसा हो, दिसत नाही. संचालकांनी ध्वनिक्षेपकावरून विनंती केली की प्रेक्षकांनी वस्तूंना हात लावू नये. आजींनी माझ्या पोच्यावर हात ठेवला होता. तो काढला नाही.

“मला तुमचं व्याख्यान बंद पाडायचं नाही,” त्या व्याख्यात्यांना म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण दालन ऐकू लागले. “तुम्ही बोला. हवं तेवढं बोला, मी शेवटपर्यंत बसते. माझ्या वडिलांचा हात या बंबापायी अधू झाला. तुमच्या लेखी हा पाणी तापवायचा असेल तर असू दे, पाटीही राहू दे. फक्त ती काडी विझवा.”

व्याख्याते गोंधळले. काडी बोटापर्यंत जळत आली होती. त्यांनी संचालकांकडे पाहिले. संचालकांनी त्यांच्याकडे पाहिले. दोघांनाही विझवायची होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण कार्यक्रमपत्रिकेत ‘प्रज्वलन’ छापले होते. संचालकांनी आजींना कोपराला धरून, अगदी मऊपणे, खुर्चीपर्यंत नेऊन बसवले. चटका बसल्यामुळे व्याख्यात्यांची काडी हातातून सुटली आणि ती जिथे पडायची तिथेच पडली.

जाळ भपकन उठला. पुढच्या रांगेतले लोक टाळ्या वाजवू लागले. कप्पा लाल होत गेला. ज्वाळा बाजूने वर चढल्या, माझ्या मागच्या फलकाची खालची कड पेटली आणि ‘वारसा’ हा शब्द ‘सा’कडून जळत निघाला. लोकांना तीही योजना वाटली. मुकादमाची मुलगी दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती. आपल्या माणसाला आत घेऊन गेलेल्या दाराकडे इस्पितळात लोक बघतात, तसे.

आणि तेव्हा माझ्या बुडाचे मेण वितळले.

दोन्ही भोके एकदम उघडली. पोटातले सगळे पाणी, सरळ, भसाभसा, खालच्या जाळावर कोसळले. फस्स असा आवाज झाला, जो मी वखारीनंतर ऐकला नव्हता. वाफेने दालन भरून गेले. कोमट पाणी राखेसकट वाहत व्याख्यात्यांच्या बुटांत शिरले, त्यांनी उड्या मारल्या, टाळ्या वाढल्या. फलक मात्र जळतच होता. सुनेने मागच्या टेबलावरची चहाची मोठी किटली उचलली, धावत आली आणि सगळ्या मध्यंतराचा चहा फलकावर ओतला.

आग विझली. मी विझवली, असे म्हणत नाही. वरच्या बाजूचे श्रेय किटलीला आहे. ती अजून स्वयंपाकघरात आहे, हे तिचे भाग्य.

धूर निवळल्यावर संचालक ध्वनिक्षेपकापाशी गेले आणि त्यांनी आभार मानले. सर्वांचे मानले, चहा पुरवणाऱ्याचेसुद्धा. लोक पांगले. मग ते खाली आले, ओल्या बुटांनी मुकादमाच्या मुलीसमोर उभे राहिले आणि प्रथमच त्यांना कशाची पार्श्वभूमी सांगता येईना. शेवटी म्हणाले की आपण म्हणत होता त्यात तथ्य असू शकेल. यासाठी एक पाहणी समिती नेमू.

“किती माणसं असतात समितीत?” सासूबाईंनी विचारले.

“का बरं?”

“एकच शब्द लिहायचाय, म्हणून म्हटलं.”

सुनेने पिशवीतून पेन काढले, पाटीवरच्या ‘बंब’ या शब्दाच्या आधी ठळक अक्षरांत ‘आगीचा’ असे लिहिले आणि पुढच्या ओळीवर, स्नान आणि घराणे आणि स्वच्छतेची आवड या सगळ्यावर, एक आडवी रेघ ओढली.

“पाटीला हात लावता येत नाही, ताई,” संचालक क्षीण आवाजात म्हणाले.

“वस्तूंना लावू नये असं लिहिलंय. पाटीला लावू नये असं कुठे लिहिलंय?”

शिपाई छताकडे बघू लागला. छत गळते, त्यामुळे त्याकडे बघायला निमित्त लागत नाही.

सासूबाईंनी रुमाल काढला आणि माझा पोचा पुसला. हळू पुसला. रुमाल काजळीने काळा झाला. सून म्हणाली, द्या इकडे, धुऊन टाकते. त्या म्हणाल्या, नको. आणि घडी घालून त्यांनी तो तसाच पिशवीत ठेवला.

मित्रांनो, एवढी माझी कहाणी. माझी चाके अजून वाहतुकीत आहेत आणि नळकांडी अजून कुणावर तरी रोखलेली आहेत. मला अजून राग आहे, आणि तो शांत व्हावा अशी माझी इच्छाही नाही. जपणे म्हणजे कोपऱ्यात उभे करून वर पाटी ठोकणे नव्हे. एखादी वस्तू जपायची असेल तर आधी विचारा, ती काय करत होती, कुणाच्या हातात होती, आणि तो हात पुढे कसा झाला. वस्तूला सांगता येणार नाही. सांगणारी माणसे काठी टेकत येतात आणि दुसऱ्या रांगेतून कुणीतरी त्यांना खाली बसा म्हणते. तुम्ही ते म्हणू नका. वारशावर भाषण करावेसे वाटले तर अवश्य करा, पण त्याआधी ज्याच्याबद्दल बोलायचे आहे त्याच्या ओळखीचे कुणी सभेत बसले आहे का, एवढे विचारा. असेल तर त्याला बोलू द्या आणि तुम्ही पाणी आणून द्या. यापेक्षा मोठे संग्रहालय व्यवस्थापन मला माहीत नाही, आणि या विषयावर माझ्याइतकी व्याख्याने कुणी ऐकलेली नाहीत.

पाहणी समिती यायची आहे. ती येईपर्यंत घटनास्थळ आहे तसे ठेवावे असा आदेश आहे, म्हणून परवापासून माझ्याखालचे पाणी कुणी पुसलेले नाही. तिथून लोक येत-जात आहेत, आणि चहाची साखर मिसळल्याने मुंग्याही. समितीचे काय ते मी बघून घेईन. तुमच्यापैकी कुणी इकडून जात असेल, तर तेवढे एक फडके मारा.